जुन्या बोलेरोचं इंजिन बांधायचं: ३८ हजार खरे की ८५ हजार?

प्रश्न आजऱ्याहून आलाय. नोव्हेंबर २००८ ची बोलेरो, डीआय टर्बो, २५२३ सीसी, काटा ३ लाख १० हजार किलोमीटरवर. आंबोलीचा घाट चढताना मागं निळा धूर, साधारण ६५० किलोमीटरला लिटरभर ऑइल वरून घालावं लागतं, सकाळी गार इंजिन चार-पाच वेळा स्टार्टर मारल्याशिवाय उठत नाही. गडहिंग्लजच्या एका गॅरेजनं इंजिनकाम ३८ हजारांत करून देतो म्हटलं. कोल्हापुरात एकानं ८५ हजार सांगितले. पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं, कशाला उघडताय, कुर्ल्यातनं वापरलेलं हाफ इंजिन आणून ४५ हजारांत बसवू. गाडीला आज गिऱ्हाईक दीड लाखाच्या आसपास. मग यातलं खरं कोण बोलतंय?

दादा, तिघंही खरं बोलत असतील. त्यांनी तीन वेगळ्या कामांचे भाव सांगितलेत, आणि तुम्ही ते एकाच कामाचे समजून बसलाय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात आहे. पहिली सहा वर्षं उस्तादाच्या हाताखाली बोअरिंग आणि होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून कापून-घासून मापात आणायच्या, मशीनवर काढली, त्यानंतर स्वतःचं इंजिन बांधायचं काम. सगळं मिळून एकतीस वर्षं झाली. रोज दोन-तीन फोन असे येतात, ‘अमुक गाडीचं इंजिन बांधायला किती?’ विहीर खणायच्या आधी पाणी किती फुटांवर लागेल असं विचारण्यासारखंच हे आहे. शेजारच्या विहिरीवरून अंदाज देता येतो. पण क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) मायक्रोमीटरखाली गेल्याशिवाय आणि बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) गेज फिरल्याशिवाय खरा आकडा कुणाच्याच तोंडातून निघू शकत नाही. जो फोनवर पक्का आकडा देतो, त्यानं एकतर सगळं वाईटात वाईट धरलेलं असतं, नाहीतर निम्मं काम मोजलेलंच नसतं.

३८ हजारांत काय येतं ते आधी सांगतो. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) आणि पिस्टनचा किट, बेअरिंगचा सेट, पॅकिंग सेट, ऑइल, फिल्टर आणि मजुरी. बस्स. क्रँक आहे तसा चढतो, फार तर एमरी कागद मारून. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवतात, व्हॉल्व्ह हातानं लॅप करतात (पेस्ट लावून घासतात) आणि परत ठेवतात. ऑइल पंप जुना, वॉटर पंप जुना. हे काम फसवणूकच आहे असं मी म्हणणार नाही. दीड लाख किलोमीटरची गाडी असती, क्रँक मापात निघाला असता, तर मी स्वतः एवढंच केलं असतं. पण ३ लाख १० हजारांवर क्रँक गोल राहिलाय आणि व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) ढिले झालेले नाहीत, असं मी तरी फार क्वचित बघितलंय. मग होतं असं की, पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगांमुळे वरचा दाब वाढतो आणि खालची जुनी क्रँक बोलायला लागते. सहा महिन्यांनी ठकठक ऐकू आली की तेच इंजिन पुन्हा उतरतं. पॅकिंग सेट पुन्हा, ऑइल पुन्हा, मजुरी पुन्हा.

आता उघडायच्या आधीचं, कारण इथंच बऱ्याच लोकांचे पैसे वाचू शकतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच कळतं. ते कुठून येतंय हे धूर सांगत नाही. तुमच्या गाडीला टर्बो आहे, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा. टर्बोच्या शाफ्टचं बुश झिजलं की ऑइल सरळ हवेच्या पाइपमधून इंजिनात जातं आणि धूर अगदी रिंगा गेल्यासारखाच दिसतो. टर्बोकडून इंटेककडे जाणारा होज काढून आत बोट फिरवा. थोडा तेलकटपणा चालतो, पण ऑइल साचलेलं असेल तर आधी टर्बो तपासायचा. त्याचा शाफ्ट हातानं आडवा हलवून बघायचा, पाखी घराला घासत असेल तर गुन्हेगार सापडला. दोन वर्षांमागं गारगोटीकडची एक गाडी इंजिन खोलायलाच म्हणून माझ्याकडं आली होती. टर्बोचा कोअर (आतला शाफ्ट आणि पंख्याचा भाग) बदलला, ११ हजारांत काम झालं, अजून पळतेय.

टर्बो ठीक असेल तर इंजिन गरम असताना ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून फकफक वाफ येत असेल, झाकण नुसतं ठेवलं तर उडत असेल, तर आम्ही त्याला बॅक कॉम्प्रेशन मारतंय म्हणतो. सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतोय. मग कॉम्प्रेशन गेज लावायचा. चांगल्या डिझेल इंजिनाला चारशे पीएसआयच्या आसपास दाब मिळतो. तो तीनशेच्या खाली घसरला की गार इंजिन उठायला कुरकुर करतं, कारण डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं, तिथं पेट्रोलसारखी ठिणगी नसते. नुसत्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. तीन सारखे आणि एकच पडलेला असेल, तर बहुतेक तिथं व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगची भानगड असते. चारही सारखे खाली आले असतील तर झीज आहे. तुमचं सकाळचं दुखणं आणि ऑइलचं खाणं एकत्र बघता मला झीजच वाटते, पण गेज लावून घ्या. पाचशे रुपयांचं काम आहे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते निर्णय हीच करते, ती म्हणजे ऑइलचा दाब. ज्या नळीवर दिव्याचा सेन्सर बसतो तिथं गेज लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलवर आणि दोन हजार आरपीएमवर दाब बघायचा. जुना ठोकताळा हजार आरपीएमला दहा पीएसआयचा. गरम आयडलला दिवा मिणमिणत असेल तर क्रँकची बेअरिंगं गेली, आता थांबू नका. पण दाब चांगला असेल तर एक सरळ हिशेब करा. तुम्ही महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरता, म्हणजे सव्वादोन-अडीच लिटर ऑइल, म्हणजे महिन्याला हजारभर रुपये. वर्षाला बारा हजार. एवढ्यासाठी उद्याच ८५ हजार घालायची घाई नाही. पीयूसी निघत असेल, दाब टिकून असेल, तर डिपस्टिक दर शनिवारी बघत, ऑइल घालत वर्ष काढता येतं आणि तोवर पैसे जमवता येतात. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय हे मला कळतं. फक्त डिपस्टिक बघायला विसरणाऱ्या माणसानं हे करू नये. ऑइल संपलं आणि इंजिन पकडलं, तर क्रँक, कनेक्टिंग रॉड, कधी कधी ब्लॉकसुद्धा जातो आणि मग ८५ चे दीड लाख होतात.

आता खोललं असं धरू. तुमच्या इंजिनाचा बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. इंचात साडेतीन आणि चार. झीज सगळ्या बोअरला सारखी नसते. वरची रिंग जिथं थांबून मागं फिरते, तिथं सगळ्यात जास्त. त्या क्षणी पिस्टनचा वेग शून्य असतो, वर पेटलेल्या डिझेलचा दाब आणि उष्णता, त्यामुळे ऑइलचा थर तुटतो आणि लोखंड लोखंडाला घासतं. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, म्हणून तिथं पायरी तयार होते. हेड काढल्यावर ती पायरी नखाला लागते. नख अडलं की लायनर गेले, गेज नंतर किती गेले तेवढं सांगतो.

तुमच्याकडच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट हमखास दिसते, तांबडी माती. एअर फिल्टरच्या पुढं जो रबरी होज आहे, तो क्लिपपाशी चिरतो आणि फिल्टरला वळसा घालून धूळ आत जाते. जांभ्याची ती बारीक धूळ ऑइलमध्ये मिसळली की लॅपिंग पेस्टच तयार होते. फिल्टर दर दहा हजाराला बदलणाऱ्या मालकाचं इंजिन दोन लाखांत संपलेलं मी बघितलंय, नुसत्या त्या पन्नास रुपयांच्या क्लिपमुळे.

लायनर नवे बसवले की बोअर पुन्हा मूळ मापाला येतो. ब्लॉकमधून जुने ओढून काढायचे, बसायची जागा साफ करून मोजायची, नवे दाबून बसवायचे आणि मग होनिंग. होनिंगच्या तिरक्या रेघा दिसायला शोभेच्या वाटतात, पण त्याच रेघांत ऑइल धरून राहतं आणि रिंग बसते. होनिंगनंतर बोअर साबणाच्या गरम पाण्यानं धुवावा लागतो. डिझेलनं नाही, साबणानंच. डिझेलनं दगडाची भुकटी रेघांत तशीच बसून राहते. पांढरं फडकं आत फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे. तुम्ही गॅरेजमध्ये उभे असाल तर हे फडकं बघायला मागा, मिस्त्री कुठल्या जातकुळीचा आहे ते लगेच कळेल.

किट घेताना नावाजलेल्या कंपनीचाच घ्या. आमच्याकडं सध्या चार सिलिंडरचा चांगला किट बारा ते सोळा हजारांच्या दरम्यान पडतो. सहा हजारांतही मिळतो, डबा अगदी तसाच, होलोग्रामही चमकतो. फरक पिन आणि रिंगांच्या लोखंडात असतो आणि तो तुम्हाला वर्षभरानं कळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या दरपत्रकावर भाव सांगणाऱ्याला हे आठवण करून द्या. आणि दोन गॅरेजांचे आकडे शेजारी ठेवताना एक बिलासह आणि एक बिनबिलाचा आहे का, हेही विचारा. निम्मा फरक कधी कधी तिथंच असतो.

क्रँकचं बघू. जर्नल, म्हणजे क्रँकवरच्या बेअरिंग बसायच्या जागा, झिजतात ते गोल राहून नाही, अंडाकृती होऊन. म्हणून एकाच जागी दोन दिशांना मोजायचं. माप बाहेर असेल तर क्रँक घासून पुढच्या साइजला आणतात, दहा थाऊ, वीस थाऊ, तीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. त्या मापाची जाड बेअरिंगं बाजारात मिळतात. ग्राइंडिंगचे दोन-अडीच हजार, मेन (क्रँक ब्लॉकमध्ये बसतो तिथल्या) आणि बिगएंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या) बेअरिंगांचे मिळून चारेक हजार. यात दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, क्रँक याआधी घासलाय का? ३ लाखांच्या गाडीचा क्रँक कधीकाळी वीसवर गेलेला असेल तर पुढं फार जागा उरत नाही, मग दुसरा क्रँक बघावा लागतो आणि खर्चात बारा-पंधरा हजार वाढतात. हा तो आकडा, जो फोनवर कुणीच सांगू शकत नाही. दुसरी, जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखलीय का? ग्राइंडिंगवाल्यानं घाईत तो कोपरा काटकोनी केला, तर क्रँक तिथूनच तुटतो.

इथं माझी एक चूक सांगतो, माझीच. स्वतःचं काम सुरू करून वर्षही झालं नव्हतं. गुऱ्हाळाच्या हंगामातला एक टेंपो, मालक दारात उभा, ऊस शेतात तोडून पडलेला. क्रँक घासून आला आणि मी तो वरून पुसून चढवला. क्रँकच्या पोटात ऑइल जायच्या आडव्या वाटा असतात, त्यांत ग्राइंडिंगची बारीक कीस बसलेली होती. वाटांचे प्लग काढून, ब्रश फिरवून, हवा मारून त्या साफ करायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी वाचवला. चारशे किलोमीटरवर तिसरं बिगएंड पकडलं आणि रॉड वाकला. सगळं पुन्हा केलं, माझ्या पैशानं, आणि त्या माणसाच्या उसाचं वजन घटलं ते वेगळंच. त्या दिवसापासून माझ्याकडं क्रँक धुतल्याशिवाय बांधायला येत नाही, आणि काम एका दिवसात करून द्या म्हणणाऱ्याला मी सरळ दुसऱ्याकडं पाठवतो.

हेड हा बहुतेकांच्या अंदाजपत्रकातला विसरलेला भाग. ते आधी गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबानं तपासायचं. दोन व्हॉल्व्हच्या मधे तडा असेल तर बुडबुडे येतात. गाडी कधी हीट झाली होती का, असं मी मालकाला नेहमी विचारतो आणि मालक नेहमी ‘नाही’ म्हणतो. मग हेडवर स्टीलची पट्टी ठेवली की कळतं. वाकलेलं असेल तर फेसिंग, पण त्यालाही मर्यादा असते. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. गाइड बदलणं, सीट कापणं, व्हॉल्व्ह नवे, सील नवे, सगळं मिळून आठ-साडेआठ हजार. हेड पॅकिंगबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. अनेक डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर येतो आणि किती वर येतो ते मोजून पॅकिंगची जाडी निवडायची असते. दुकानदारानं दिलं ते पॅकिंग घातलं, असं चालत नाही. हेडचे बोल्टही टॉर्क रेंचनंच, ठरलेल्या क्रमानं. ज्या गॅरेजमध्ये टॉर्क रेंच नाही, तिथं पंक्चर काढा, इंजिन देऊ नका.

तर तुमच्या गाडीचा माझा अंदाज, आजच्या कोल्हापूरच्या भावानं. किट १४ हजार, बेअरिंगं ४, पॅकिंग सेट साडेतीन, हेडचं सगळं साडेआठ, ऑइल पंप आणि वॉटर पंप मिळून ५, क्रँक ग्राइंडिंग अडीच, लायनर बसवणं आणि होनिंग ३, कनेक्टिंग रॉडची बुशं आणि सरळपणा बाराशे. इंजिन उतरवण्यापासून चढवण्यापर्यंतची मजुरी १५ हजार. ऑइल, फिल्टर, कूलंट आणि पाचशे किलोमीटरवरचं दुसरं ऑइल मिळून ७ हजार. बेरीज ६४ हजारांच्या आसपास जाते. हे झालं नुसतं इंजिन.

पण इंजिन खाली आहेच तर क्लच बघायचा की नाही? प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंगचे ६ हजार. वर्षभरानं तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा द्यायची असेल तर खुशाल सोडा. डिझेल पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर गेलेच पाहिजेत, ९ हजार धरा. एखादा नोझल फवारा मारण्याऐवजी धार सोडत असेल, तर ती धार नव्या बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकते, पिस्टनचा माथा जाळते आणि तुमच्या नव्या रिंगा सहा महिन्यांत जुन्या होतात. रेडिएटरमध्ये आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याचा चुना बसलेला असतो. तो उघडून सळ्या घालून साफ करणं, किंवा कोअर बदलणं, साधारण ४ हजार. हे १९ हजार मिळवले की ८३ हजार झाले. टर्बोचा कोअर लागला तर आणखी ११.

म्हणजे कोल्हापूरच्या त्या माणसानं ८५ सांगितले ते फार चुकीचे नाहीत. त्याला फक्त विचारा, यात क्लच, नोझल आणि रेडिएटर आहे का. नसेल तर महाग आहे. असेल तर वाजवी आहे.

माझ्या अनुभवानं बांधलेली इंजिनं लवकर मरतात ती बहुतेक वेळा इंजिनाबाहेरच्या कारणानं. रेडिएटर, नोझल आणि तो हवेचा होज, हे तिघंच. इंजिनावर साठ हजार खर्चून रेडिएटरचे चार वाचवणारा माणूस मला दर वर्षी भेटतो. गोड बोलतो, चहा पाजतो, ऐकत मात्र नाही.

आता कुर्ल्याचं हाफ इंजिन. हाफ म्हणजे हेडशिवायचा ब्लॉक, आत क्रँक-पिस्टनसकट. ते इंजिन किती चाललंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. बाहेरून धुऊन काळा रंग मारलेला असतो, रंगाखाली तेवढंच वय असू शकतं. गॅरंटी म्हणजे ‘चालू करून बघा, नाही चाललं तर बदलून देऊ’, आणि तुम्ही आजऱ्यात. त्याहून मोठी अडचण कागदाची. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो आणि तो आरसी बुकात बदलून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली हा गाडीतला बदल मानला जातो. त्याला इंजिनाचं बिल लागतं, ते कुठल्या गाडीतनं निघालं त्याचा पत्ता लागतो. बिलाशिवायचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पुढं काय होतं ते सांगायला नको. नंबर न बदलता गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. नंबर पंच करून देतो म्हणणाऱ्या माणसापासून तर दहा हात लांब राहा. तुमचा स्वतःचा ब्लॉक फुटलेला असता तर हा पर्याय मी नाइलाजानं मान्य केला असता. तसं काही नाही, मग आपला ब्लॉक का टाकायचा?

मारुती ८०० किंवा ओम्नीवाल्यांनी हे आकडे बघून घाबरू नये. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात, नोझल नाही, टर्बो नाही. वीस-पंचवीस हजारांत नीट काम होतं. याउलट, २०१० नंतरच्या कॉमन रेल डिझेलवाल्यांनी माझा ८३ चा आकडा धरू नये. तिथं एकेक इंजेक्टर दहा-बारा हजारांचा असतो, एकूण दीड लाखाच्या पुढं सहज जातं आणि मग गाडी विकायचा विचार आधी करावा लागतो.

तुमच्या बोलेरोचं काय करायचं, तर आधी कागद बघा. गाडीला नोव्हेंबर २०२३ मध्ये पंधरा वर्षं झाली, नूतनीकरण झालंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे नोंदणी नोव्हेंबर २०२८ पर्यंत. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल आणि ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमानं वीस वर्षांपुढच्या हलक्या मोटारीची नूतनीकरणाची फी १० हजार आहे, पर्यावरण कर वेगळा. पण फीपेक्षा चासी महत्त्वाची. आजऱ्याच्या पावसात तीन महिने भिजणारी गाडी आहे. लिफ्टवर घ्या, चासीला हातोडीनं ठोकून बघा. टणटण वाजली तर लोखंड आहे. भद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर इंजिनात एक रुपयाही घालू नका, धूर मारत असेल तशी विका.

चासी धड असेल, तर मी बांधतो. नीट बांधलेलं हे इंजिन लाख-सव्वालाख किलोमीटर आरामात जातं, तुमच्या चालीनं सहा-सात वर्षं. ८३ हजार भागिले सव्वालाख, किलोमीटरला सहासष्ट पैसे पडतात. दीड लाखाच्या गाडीत ८३ हजार कशाला घालायचे, असं पाहुणे म्हणतील. बरोबर आहे, विकायची असेल तर घालूच नका, ते पैसे विक्रीत परत मिळत नाहीत. वापरायची असेल तर प्रश्न वेगळा आहे. ८३ हजारांत दुसरी जुनी गाडी घेतली तर तिच्या इंजिनाचं पोट कुणी बघितलंय?

गॅरेजवाल्याशी बोलताना एकदम सगळ्याचा भाव ठरवू नका. पहिल्यांदा खोलायचे, धुवायचे आणि मोजायचे पैसे ठरवा, पाच-सहा हजार. मापं कागदावर लिहून घ्या, चारही बोअर, क्रँकचं प्रत्येक जर्नल. मग त्या कागदावरून पुढचा आकडा. काम संपल्यावर सगळे जुने भाग पोत्यात भरून परत मागा आणि नव्या भागांचे रिकामे डबेही. भंगारात त्याचे हजार रुपयेही येणार नाहीत, पण पोतं मागणारा गिऱ्हाईक आहे हे आधीच कळलं की हात जरा सावध चालतो.

गाडी हातात आल्यावर रात्रभर आयडलवर ठेवून इंजिन ‘मऊ’ करायची एक जुनी पद्धत आहे. ती करू नका. रिंग बोअरला बसते ती वरच्या दाबामुळे, आणि आयडलला दाबच नसतो. भिंत गुळगुळीत होऊन काच पडते, मग इंजिन कायमच ऑइल पितं. पहिल्यांदा डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारून ऑइलचा दाब चढवून घ्यायचा, मग सुरू करायचं, तापलं की रस्त्यावर काढायचं. पहिले पाचशे किलोमीटर ओझं नको, ट्रॉली ओढायची नाही, पण कधी चाळीसनं, कधी साठनं, वेग बदलत चालवायचं. सपाटीवर गडहिंग्लज-संकेश्वर करा, आंबोली इतक्यात नको. पाचशेवर ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून घ्या. त्या पहिल्या ऑइलमध्ये बारीक चमक दिसेल, तिला घाबरू नका. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र गाडी तिथंच उभी करा आणि बांधणाऱ्याला बोलवा.

आणि तो एअर फिल्टरपुढचा रबरी होज आजच काढून बघा, इंजिन बांधा किंवा न बांधा. क्लिपच्या खाली, जिथं वरून दिसत नाही तिथं. आतल्या बाजूला तांबडी धूळ बोटाला लागली तर गेज लावायच्या आधीच मला कळवा, मग पुढचं बोलू.